तिरक्या खाचेचा कारागीर

"घाई केली की आटे जातात, आणि गेलेले आटे परत येत नाहीत."

हे वाक्य भिंगवाले दिवसातून चार वेळा तरी म्हणत. दार धाडकन लोटणाऱ्या शिपायाला म्हणत, बस चुकेल म्हणून धावणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणत, आणि समोर कुणी नसलं तर स्वतःलाच म्हणत. घाईघाईनं पिळलेल्या स्क्रूचे आटे एकदा झिजले की तो नुसता गरगर फिरतो, धरत नाही. माणसांचंही तसंच असतं असं त्यांना म्हणायचं असेल कदाचित. पण एवढं उलगडून सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांचं काम असं, की चार लोकांत सांगितलं तर पाचवा हसायचा. शहराच्या वस्तुसंग्रहालयात ते जुन्या बंदुकांचा अभ्यास करत. त्याही इकडच्या नव्हेत, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातून समुद्र ओलांडून आलेल्या. ठासणीच्या, चकमकीच्या. लोखंडी घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरलेला असायचा. चाप ओढला की घोडा पोलादावर आपटायचा, ठिणगी पडायची, आणि नळीतली दारू पेटायची. भिंगवाल्यांनी स्वतः जन्मात एकही बार काढला नव्हता. शेजारच्या घरात फुगा फुटला तरी ते दचकत.

त्यांना बंदूक हवी होती ती उघडून बघायला. कुठल्या लाकडाचा दस्ता आहे, नळीचं लोखंड किती वेळा तापवून ठोकलंय, कमानीला, म्हणजे आतल्या स्प्रिंगला, ताण कुणी दिलाय. ते म्हणत, बंदुकीवर नाव कोरलेलं असतं ते दुकानदाराचं. नळी एकानं ठोकलेली असते, आतला घोडा-चापाचा सांगाडा दुसऱ्यानं घासलेला असतो, लाकूड तिसऱ्यानं तासलेलं असतं, आणि या तिघांची नावं कुणालाच ठाऊक नसतात. भिंगवाले त्या दुसऱ्या माणसाच्या शोधात होते. कानस घेऊन दिवसभर एका बोटाएवढ्या पोलादावर वाकलेला माणूस.

त्यांची खोली संग्रहालयाच्या मोठ्या घड्याळामागे होती. रस्त्यावरच्या लोकांना वेळ समोरून दिसायची, भिंगवाल्यांना पाठीमागून. दुधी काचेवर काट्यांच्या सावल्या उलट्या फिरत आणि दर मिनिटाला मोठा काटा कुणीतरी दार वाजवावं तसा ठक्कन पुढे सरके. पहिल्या वर्षी ते दर ठोक्याला दाराकडे बघत असत, असं वरचा पहारेकरी सांगतो. मग सवय झाली. तसंही त्या दाराशी कुणी यायचं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावात. आमच्याकडच्या थोरल्या घराच्या भिंतीवर एक जुनी बंदूक लटकत असे. ती बघायला ते सकाळच्या बसनं आले. काखेत लाकडी पेटी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, हातांत पांढरे सुती मोजे. त्यांनी खिडकीपाशी टेबल मागितलं, टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं आणि बंदूक त्यावर अशी ठेवली की जणू ती झोपलेली आहे. आम्ही दहा-बारा जण दाराशी दाटीवाटीनं उभे. आमच्यातला एक आगाऊ म्हणाला, "काय हो, बंदूक बघायला आलात की सोयरीक जमवायला?"

भिंगवाल्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "सोयरीकच म्हणा. पण मुलीकडचं कुणी हयात नाही."

दुपारपर्यंत ते एक शब्द न बोलता स्क्रू काढत होते, बघत होते, वहीत लिहीत होते. मग एका स्क्रूपाशी थांबले. त्यांनी तो भिंगाखाली धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजवर विसरलेलो नाही. परक्या गावाच्या बाजारात आपल्या घरचं माणूस दिसावं, तसं. त्या वेळी मला कळलं नाही. पुढं त्यांची बहीण आणि एका छापखान्यातल्या बाई या दोघींनी जे सांगितलं, त्यातून कळलं.

त्या स्क्रूच्या टोपीच्या कडेवर कानशीनं पाडलेल्या तीन खाचा होत्या. दोन सरळ, तिसरी तिरकी.

जुन्या काळी प्रत्येक स्क्रू हातानं घडवलेला असे. या भोकाचा त्या भोकाला चालत नसे. म्हणून कारागीर ओळखीसाठी खाचा पाडत. यात नवल काही नाही. नवल हे, की भिंगवाल्यांना अशी दोन सरळ आणि एक तिरकी खाच याआधी सहा बंदुकांत सापडली होती. तीन संग्रहालयातल्या, दोन एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या, एक जुन्या क्लबच्या जिन्यातली. आमच्या गावची सातवी. सातही बंदुकांवर दुकानदारांची नावं वेगळी, नळ्या वेगळ्या, लाकडं वेगळी. खाच मात्र एकच. आणि सातही ठिकाणी ती एकाच स्क्रूवर, जो सगळ्यांत शेवटी बसवायचा आणि उघडताना सगळ्यांत आधी काढायचा, त्यावर.

भिंगवाल्यांनी यातून माणूस उभा केला. निरनिराळ्या दुकानदारांसाठी आतला सांगाडा घडवणारा एकच कारागीर, असं त्यांनी ठरवलं. तिरक्या खाचेचा कल बघून तो डावखुरा होता हे ठरवलं. डावखुरा असून उजव्या हातानं काम करणाऱ्यांच्या बाकावर काम करायचा, म्हणजे खांदा दुखत असणार. खाचा खोल नव्हत्या, अगदी बेतानं पाडलेल्या, म्हणजे पोलाद दुखावू नये असं वाटणारा माणूस. आणि शेवटच्या स्क्रूवर खूण, म्हणजे पुढं कधीतरी ही वस्तू उघडणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळावं. त्यांनी वहीत लिहिलं होतं, 'या माणसाला आपल्यानंतर येणाऱ्याची काळजी होती.'

आपल्यानंतर येणारा म्हणजे कोण? घड्याळामागच्या खोलीत बसलेले भिंगवालेच की. असं कुणी आपल्यासाठी खूण ठेवून गेलंय, ही भावना त्यांना बावीस वर्षं पुरली. लग्न केलं नाही. भाड्याच्या घरात दोन खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीवर कायम पुस्तकं. ओळखीचे म्हणाल तर पहारेकरी, खानावळवाला, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी थोरली बहीण, तीही रविवारपुरती.

परदेशातल्या एका संग्रहालयातल्या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या बाईंनी एकदा कळवलं की तुम्ही म्हणता तशी खाच आमच्याकडच्या एकाही बंदुकीवर नाही. दुसरा कुणी असता तर इथं थबकला असता. भिंगवाल्यांनी त्याचाही अर्थ लावला: त्या कारागिराचा सगळा माल इकडेच आला, म्हणून तिकडे तो कुणाला माहीत नाही. त्याच्या स्वतःच्या देशानं त्याला विसरून टाकलं, म्हणजे त्याला आता आपल्याशिवाय कुणी नाही. खाचेत गंज जरा कमीच आहे, हेही त्यांना एकदा खटकलं होतं. वरचेवर तेलाचा हात फिरल्यामुळे असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आवडत्या माणसाच्या बाबतीत आपण सगळेच असे पुरावे समजावून घेतो.

निवृत्तीला सहा महिने राहिले तेव्हा संग्रहालयाच्या संचालकबाईंनी ठरवलं की भिंगवाल्यांचं पुस्तक छापायचं. चारशे पानं. आणि सात बंदुकांपैकी आपल्या तीन एका वेगळ्या दालनात मांडायच्या. दालनाचं नाव 'तिरक्या खाचेचा कारागीर'. पाटी रंगवायला गेली. भिंगवाल्यांनी नवा सदरा शिवायला बहिणीकडे कापड नेऊन दिलं. पहारेकरी म्हणाला, "भिंगवाले, आता नट दिसणार तुम्ही. आमच्याशी बोलाल ना?" त्यावर ते चक्क हसले होते म्हणतात.

तो सदरा काही शिवून झाला नाही.

रविवारी ते ताईकडे गेले तर ताई डोक्याला हात लावून बसलेली. ती शाळांचे गणवेश शिवून द्यायची. शाळा उघडायला आठवडा, चाळीस गणवेश बाकी, आणि विजेवरचं मशीन जळालेलं. माळ्यावरून जुनं, पायानं चालवायचं मशीन खाली आणलं होतं, पण त्याचं चाक जागचं हलत नव्हतं.

"बरा आलास," ताई म्हणाली. "हे उघडून बघ."

"मला मशीनमधलं काय कळतं, ताई?"

"तीस वर्षं परक्यांच्या बंदुका उघडतोयस. बहिणीचं मशीन म्हटलं की कळत नाही होय? हेही टकटकच करतं. फक्त माणूस मरत नाही यानं."

"मोजे आणले नाहीत मी."

"अरे शहाण्या, ते काय दागिना आहे का? धर हा पेचकस."

या मोज्यांची एक कथा होती. वडील शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. सायकलच्या मागं पेटी बांधून महिना-महिना फिरतीवर असत. हा मुलगा बारा वर्षांचा असताना त्यानं वडिलांनी घासून लखलखीत केलेला एक पोलादी भाग हातात धरून बघितला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे पाचही ठसे गंजानं उठले. काही लोकांच्या हाताचा घामच तसा असतो, पोलादाला सोसत नाही. वडिलांनी तो भाग पुन्हा घासला आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या हाताला गंज आहे. उद्यापासून पेटीला शिवू नकोस." ओरडले नाहीत, मारलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर बापलेकांत कामापुरतं बोलणं उरलं, मग तेही संपलं. वडील वारले तेव्हा भिंगवाले सकाळी आले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

तर भिंगवाल्यांनी हाताला रुमाल गुंडाळला आणि मशीनच्या बाजूची पत्र्याची झडप उघडायला घेतली. स्क्रू जुना होता, पण वळवताच सुटला. ताई दोऱ्याच्या भावाबद्दल बोलत होती. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की भाऊ खिडकीशी जाऊन उभा आहे, भिंग डोळ्याला लावून, आणि हाताचा रुमाल सुटून खाली पडलाय.

"काय झालं? बोट कापलं का?"

"हे मशीन कुणी उघडलं होतं, ताई?"

"बाबांनी. आणखी कुणाची टाप होती हात लावायची."

"या स्क्रूवर खाचा आहेत."

"असणारच. ते शेवटचा स्क्रू खुणावून ठेवायचे. म्हणायचे, पुढच्या खेपेला डोकं खाजवत बसायला नको, हा काढला की बाकीचं आपोआप येतं." ताई हसली. "मला दाखवायचे. दोन उभ्या, एक आडवी-तिडवी. डावखुरे होते ना, तिसरी पाडताना मशीन फिरवायचा कंटाळा करायचे."

भिंगवाले स्टूल ओढून बसले. त्यांनी स्क्रू पुन्हा भिंगाखाली धरला. मग विचारलं, "बाबांनी बंदुका दुरुस्त केल्या होत्या का कधी?"

"कधी म्हणजे? दर वर्षी. क्लबमध्ये जायचे, तुझ्या त्या संग्रहालयात जायचे, थोरल्या घरांत जायचे. कमानीला तेल द्यायचं, गंजलेले स्क्रू काढून नवे घडवून बसवायचे. शिलाई मशीनं काय बारा महिने बिघडतात? पोट कशावर भरलं आपलं?"

"मला कसं माहीत नाही?"

"तू विचारलंस कधी? बाबांचं नाव काढलं की ताटावरून उठायचास." ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला बंदुकांतलं काही कळत नव्हतं, पण भाऊ कळत होता. "अरे, झालंय काय? बाबांचं काम सापडलं ना? चांगलंच झालं की."

त्यांनी स्क्रू रुमालात बांधला आणि ते उठले. मशीन तसंच उघडं राहिलं.

सोमवारी सकाळी त्यांनी घड्याळामागच्या खोलीत पांढरं कापड अंथरलं. संग्रहालयातल्या तिन्ही बंदुकांचे तीन स्क्रू आणि चौथा ताईच्या मशीनचा, असे ओळीनं ठेवले. मोठं भिंग लावलं. खाचा तर जुळल्याच. पण तिरक्या खाचेच्या कडेला केसाएवढा एक ओरखडा होता, कानशीचा एक दात तुटका असला की उठतो तसा. चारही स्क्रूंवर तो ओरखडा होता, त्याच जागी, तेवढाच. एकच कानस, एकच हात. अडीचशे वर्षांपूर्वीचा नव्हे, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा. स्क्रूसुद्धा वडिलांनीच घडवलेले.

काटा ठक्कन सरकला. पुन्हा सरकला. पहारेकरी दुपारी डबा घेऊन वर गेला तर भिंगवाले तसेच बसलेले. "जेवायचं नाही का?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "आज एक माणूस गेला."

"कोण हो? जवळचा होता?"

"जवळचाच. पण तो कधी नव्हताच."

पहारेकऱ्याला वाटलं, ऊन लागलंय. तो पाणी आणायला गेला.

मंगळवारी ते संचालकबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या उठून दार लावून आल्या.

"पुस्तक शुक्रवारी छपाईला जातंय," त्या म्हणाल्या. "पाटी रंगवून आलीय. आमंत्रणं गेलीत. आणि तुम्ही मला एक शिलाई मशीनचा स्क्रू दाखवताय."

"हो."

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"माझ्या बहिणीला थोडंसं. तिला त्याचं महत्त्व कळलेलं नाही."

"मग कळायचं कारणही नाही. जगात ती खाच बघणारा माणूस एकच आहे, भिंगवाले. तो तुम्ही. उद्या तुम्ही निवृत्त झालात की कुणी ते स्क्रू काढणारसुद्धा नाही. तुमची बावीस वर्षं आहेत त्यात."

"बावीस वर्षं माझी आहेत, ती कुठं जात नाहीत. पण तो माणूस खोटा आहे, बाई."

बाईंनी स्क्रू त्यांच्याकडे परत सरकवला. "असं करू. तुम्ही मला हे सांगितलंच नाही असं मी समजते. शेवटच्या मुद्रितांवर सही तुमची लागते. गुरुवारी छापखान्यात जा आणि काय ती सही करा. तुम्ही द्याल ते पुस्तक मी छापेन."

सगळं ओझं असं त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर आलं. सही केली तर कारागीर जगणार होता; पुस्तकात, दालनात, लोकांच्या बोलण्यात. नाही केली तर चारशे पानांतली दीडशे पानं जाणार होती, आणि त्याबरोबर भिंगवाल्यांचा एकुलता एक सोबती.

बुधवारी ते कामावर गेले नाहीत. घरी बसले. मला नेहमी वाटतं, त्या दिवशी त्यांना सगळ्यांत जास्त कशाचा त्रास झाला असेल? पुस्तक जाण्याचा नसावा. ज्या माणसाचा हळुवार हात त्यांनी बावीस वर्षं वाखाणला, ज्याच्या दुखऱ्या खांद्यासाठी ते हळहळले, ज्यानं आपल्यासाठी खूण ठेवली असं मानलं, तो घरातलाच निघाला. तोच, ज्यानं त्यांना पेटीला शिवू दिलं नव्हतं. परका म्हणून ज्याच्यावर एवढा जीव लावला, त्याच्यावर आता वडील म्हणून जीव कसा लावायचा? तो रस्ता त्यांना माहीत नव्हता. तीस वर्षांपूर्वी जी गोष्ट संपली म्हणून ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले होते, ती संपलेली नव्हती, आणि आता बोलायला समोर कुणी नव्हतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास ते छापखान्यात गेले. वरच्या मजल्यावर मुद्रितं तपासणाऱ्या बाई बसत. पन्नाशीच्या, केसांत पेन्सिल खोवलेली, चष्मा दोरीला. गेले चार महिने दर गुरुवारी भिंगवाले त्यांच्याकडे येत. दुरुस्त्या तपासत, नमस्कार करत, जात. या बाईंनीच मला पुढचं सगळं सांगितलं.

त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला. "शेवटची आहेत. एक चूक राहिली नाही. पान दोनशे बारावर एक अनुस्वार होता, तोही घातला."

भिंगवाल्यांनी गठ्ठ्यातलं पाचवं प्रकरण काढलं आणि पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. मग सहाव्या प्रकरणावर. बाई बघतच राहिल्या.

"अहो, हे काय करताय?"

"ही चार प्रकरणं काढायची. पाच ते आठ."

"पण तोच तर पुस्तकाचा जीव आहे."

"चुकीचा आहे तो." त्यांनी थोडक्यात सांगितलं: स्क्रू, मशीन, कानशीचा तुटका दात. सांगताना ते टेबलाकडे बघत होते. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"म्हणजे तो नव्हताच?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"त्याचा खांदा दुखायचा. मी ते पान तीनदा वाचलं. तपासायला एकदा पुरतं."

भिंगवाल्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. त्या कारागिराला ओळखणारं दुसरं माणूस जगात आहे, हे त्यांना आत्ता कळत होतं, त्याला पुसून टाकल्यावर.

"तुम्हाला आवडला होता तो?" त्यांनी विचारलं.

"हो. घरी जाताना आठवायचा. आमच्याकडे येतात ती पुस्तकं म्हणजे कायद्याची, हिशेबाची, शेतीच्या खतांची. त्यात माणूस नसतो." त्या जराशा हसल्या. "मला वाटायचं, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तो कानस पुसून ठेवत असेल."

"मलाही तसंच वाटायचं," भिंगवाले म्हणाले. "ते मी लिहिलं नाही. पुरावा नव्हता."

खाली यंत्र चालू होतं, टेबल बारीक हलत होतं. कुणाच्या मरणाला दोनच माणसं आलेली असावीत आणि त्यांची एकमेकांशी धड ओळखही नसावी, तसं ते बसले होते.

मग बाईंनी केसांतली पेन्सिल काढून पुढे केली. "सात बंदुकांची यादी राहील ना? त्यात कारागिराच्या रकान्यात काय लिहू?"

"लिहा, माहीत नाही."

"सातही ठिकाणी?"

"सातही. आणि त्याखाली एक ओळ टाका. दुरुस्ती, आणि शेवटचा स्क्रू नवा घडवून बसवणारा." ते थांबले. "धंदा लिहा. शिलाई मशीनवाला."

"नाव?"

त्यांनी पेन्सिल घेतली आणि वडिलांचं पूर्ण नाव समासात लिहिलं. शाळेच्या शेवटच्या अर्जानंतर ते त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. मधलं अक्षर जरा अडखळलं, ते त्यांनी खोडून पुन्हा नीट काढलं. बाईंनी ते वाचलं आणि त्यावर तपासल्याची खूण केली.

"संचालकबाई रागावतील?"

"नाही. पाटी पुन्हा रंगवावी लागेल एवढंच." त्यांनी सही केली, तारीख घातली. दीडशे बाद पानांचा गठ्ठा टेबलावर वेगळा पडला होता. "हे रद्दीत टाका."

"मी ठेवून घेतलं तर चालेल?"

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. "चालेल. पण कुणाला खरं म्हणून सांगू नका."

"चहा सांगते. घेऊन जा."

"नको. ताईचं मशीन रविवारपासून उघडं पडलंय. चाळीस गणवेश राहिलेत तिचे. ती मनातल्या मनात काय म्हणत असेल ते मला ऐकू येतंय."

ते नमस्कार करून जिना उतरले. बाई खिडकीशी आल्या. खाली रस्त्यावर कागदाची रिळं उतरवणारी हातगाडी आडवी लागली होती. भिंगवाले कडेला थांबले. हमालांनी रिळं उतरवली, गाडी हलली, मग ते निघाले. रस्ता लांब आणि सरळ होता, म्हणून ते बराच वेळ दिसत राहिले. चौकाशी एकदा थांबले, खिसा चाचपला, मशीनचा स्क्रू जागेवर आहे का ते बघितलं असावं, आणि ताईच्या घराकडे वळले.

खालून यंत्रवाल्यानं हाक मारली, "बाई, शेवटची पानं झाली का?" बाई अजून त्या चौकाकडे बघत होत्या. पुढच्या गुरुवारी, किंवा त्याच्या पुढच्या, त्या माणसाला इकडे यायचं काही कारण उरलं नव्हतं.